काडतुसाची मुरड

वत्सलाबाईच्या शेवयांच्या पाटाला दोन भोकं पडली, तेव्हाच तिनं ओळखलं की यातून काही धड निघायचं नाही. पाट सागवानी होता, लग्नात नांदूरघाटच्या माहेरच्यांनी दिलेला, इतकी वर्षं जिवापाड जपलेला. आता त्यावर एक लोखंडी यंत्र स्क्रूनं आवळून बसवलं होतं आणि यंत्राभोवती हिवरवाडीच्या सहकारी उपसा सोसायटीचे तीन कारभारी मांडी घालून बसले होते. यंत्र सोसायटीचं, बंदूक वत्सलाबाईच्या नवऱ्याची आणि पाट तिचा. यात विचारलं नव्हतं ते फक्त पाटवालीला.

साल बहात्तरचं. शिरूर कासारच्या बाजूला दुष्काळ म्हणजे दरसालचा पाहुणा, पण त्या साली तो बोचकं घेऊन मुक्कामालाच आला होता. शिवारं भाजून निघालेली. हिरवं म्हणाल तर सोसायटीच्या नदीकाठच्या विहिरीखाली ऑइल इंजिनच्या जिवावर तगलेला तीन एकर मका आणि कडवळ. सगळ्या सभासदांची जनावरं त्या वैरणीवर उन्हाळा काढायची होती. पण माणसाला हिरवं दिसतं तसं डुकरालाही दिसतं. रानडुकरांचा कळप रोज पहाटे यायचा, खायचा थोडं आणि लोळून नासवायचा जास्त.

गावात बंदूक एकच, शहादेवची, म्हणजे वत्सलाबाईच्या नवऱ्याची. निजामाच्या अमलात त्याच्या बापानं पीक राखायला परवाना काढून घेतलेली एकनळी. बापामागं परवाना शहादेवच्या नावावर झाला. बंदूक होती, पण काडतुसं संपलेली. बीडच्या दुकानात नवा माल नव्हता आणि कधी येईल ते दुकानदारालाही ठाऊक नव्हतं. मग सोसायटीनं सभा घेऊन ठराव केला की नगरहून काडतुसं भरायचं जुनं यंत्र आणावं आणि उडवलेल्या काडतुसांची रिकामी टरफलं घरच्या घरी पुन्हा भरावीत. तहसिलीतून त्याची रीतसर परवानगीही आणली. ठराव करण्यात ही सोसायटी कधी कुणाला हरली नव्हती.

काडतूस भरणं शहादेवनं बापाच्या हाताखाली पाहिलेलं होतं. त्यातलं शेवटचं काम तेवढं नाजूक. आत सगळं भरून वर पुठ्ठ्याची चकती ठेवली की काडतुसाचं कागदी तोंड आतल्या बाजूला वळवून बसवायचं. बायका करंजीची कड वळवतात तसंच, म्हणून गावात त्याला मुरडच म्हणत. काडतूस यंत्रात धरायचं, दांडा फिरवायचा, की मुरड पडते. कमी पडली तर चकती निसटून छर्रे सांडतात. जास्त झाली तर कागदाचं तोंड फाटतं, काडतुसाला पोट सुटतं आणि ते नळीत जात नाही. बाप सांगायचा, "दांडा फिरवताना यंत्र एकदा न्हाई म्हणतं. हाताला कळतं. तिथं थांबायचं."

यंत्राचं 'न्हाई' शहादेवला बरोबर ऐकू यायचं. स्वतः मात्र तो शब्द त्यानं जन्मात कधी उच्चारला नव्हता. कुणी बैल मागितले, दिले. कुणी ऐन सणाच्या दिवशी छप्पर शाकारायला बोलावलं, गेला. गावात सगळे म्हणत, शहादेवसारखा माणूस मिळायचा नाही. वत्सलाबाईही तेच म्हणायची, फक्त तिचा सूर वेगळा असायचा.

आणि यंदा तिचं सगळंच त्या मुरडीवर येऊन ठेपलं होतं. दरसाल दिवाळी झाली की शहादेव बंदूक शिरूरच्या ठाण्यात जमा करून यायचा. परवानेदार गाव सोडून गेला तर बंदूक मागं ठेवायची नाही, असा नियम. मग दाराला कडी घालून दोघं कोयते घेऊन तात्याबा मुकादमाच्या ट्रकमध्ये चढायची आणि उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडायची. दोन सालांमागं तिची पहिली लेक अशीच कारखान्यावर, उसाच्या पाचटाच्या झोपडीवजा कोपीत जन्मली आणि थंडीनं तिथंच गेली. एका बांधाला पुरली. दुसऱ्या वर्षी तात्याबानं टोळी वेगळ्याच कारखान्यावर नेली, त्या बांधाला पुन्हा जाणं झालं नाही. लेकीच्या खेपेला निघतानाही ती दिवसांत होती, आणि तात्याबानं "येताय ना?" विचारल्यावर शहादेवनं मान हलवली होती. आता तिला पुन्हा सातवा लागला होता. या खेपेला स्वतःच्या दाराआड बाळंत व्हायचं, कोपीत नाही, एवढं एकच तिला हवं होतं. सोसायटीनं कबूल केलं होतं, डुकरं थांबली तर शहादेवला हंगामभर राखणदार ठेवू, धान्य सोसायटीच्या कोठीतून देऊ. नाही थांबली तर भाऊबीजेला तात्याबाचा ट्रक होताच.

मुहूर्त वसुबारसेचा धरला. चेअरमन पंडितअण्णांनी यंत्राला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. शहादेवनं पहिलं काडतूस भरून यंत्रात धरलं आणि दांड्याला हात घातला, तेवढ्यात अण्णा गरजले, "थांब की बे! पयला मान कुणाचा?"

पहिला मान अर्थातच चेअरमनचा. अण्णांनी दांड्याला वेढा दिला. मुरड झकास पडली. शहादेवचा चेहरा उजळला तो दाराआडून बघणाऱ्या वत्सलाबाईलाही दिसला. तो काडतूस काढून घेणार, तर सेक्रेटरी उत्तरेश्वर पुढं सरकला.

"अन् यंत्र आणाया नगरला कोण गेलतं? मी गेलतो."

त्यानंही एक वेढा दिला. आतून कागद करकरला. मग दोघांनी मिळून ख्वाजाभाईंना पुढं केलं. ख्वाजाभाई सोसायटीचे संचालक आणि इंजिनाचे मिस्त्री. त्यांनी काडतुसाकडं पाहिलं आणि हात मागं घेतला.

"अण्णा, बस झालं. आता फिरवलं तर फाटंल."

"आरं, तुमी न्हाई फिरवलं तर उद्या लोक म्हणतील, ख्वाजाला मान दिला न्हाई," अण्णा म्हणाले. "सहकारी सोसायटी हाय आपली. इथं दुजाभाव चालत न्हाई."

ख्वाजाभाईंनी सुस्कारा टाकून दांडा फिरवला. मग दुसरं काडतूस आलं, तिसरं आलं, आणि दरेकाला हे तीन मानकरी लाभले. शहादेव प्रत्येक वेळी तोंड उघडायचा आणि मिटायचा. दाराआड वत्सलाबाई हातातलं पीठ तसंच मुठीत आवळून उभी होती. पुढं व्हावं आणि एकेकाच्या हातावर उलथनं मारावं, असं तिला फार वाटलं.

मंडळी चहा पिऊन गेल्यावर तिनं काडतुसं पाहिली. तोंडाच्या चिंध्या आणि पोट सुटलेलं, सगळी एकजात चेअरमनसारखी.

"यंत्र न्हाई म्हणलं न्हाई का?" तिनं विचारलं.

"म्हणलं की. अण्णांच्याच वेढ्याला म्हणलं."

"मंग तुमी कावून म्हणला न्हाई?"

"अगं, मोठ्या माणसाचा हात कसा धरावा?"

"लोखंडाला जमतं," ती म्हणाली, "अन् तुमाला जमंना."

दुसऱ्या दिवशी पहाटे शहादेव त्यातली बऱ्या अंगाची काडतुसं निवडून रानात गेला. एकही नळीत शिरलं नाही. डुकरं त्याच्या डोळ्यांदेखत मका मोडत होती आणि हा गडी बांधावर बसून काडतुसाचं पोट दाबून आत बसवायला बघत होता. शेवटी त्यानं बंदूक खांद्याला अडकवली आणि दगड मारले. डुकरांनी दगडांची फारशी दखल घेतली नाही.

धनत्रयोदशीला मंडळ पुन्हा पाटाभोवती जमलं. उत्तरेश्वरनं मागल्या सभेचा वृत्तांत वाचला आणि नवा ठराव मांडला: मुरड सैल ठेवावी. ठराव एकमतानं पास झाला. अडचण एवढीच की आता मान कुणालाच नको होता. काडतूस बिघडलं तर नाव आपलं यायचं, हे सगळ्यांना एकदम उमगलं होतं.

"अण्णा, तुमी."

"न्हाई, न्हाई, आधी सेक्रेटरी."

"मोठ्यांच्या आधी मी कसा?"

शेवटी अण्णांनी देवाला गंध लावावं तसं दांड्याला बोट लावलं. उत्तरेश्वरनं नुसता नमस्कार केला. ख्वाजाभाई म्हणाले, "माझा मान शहादेवला द्या, त्याला करू द्या," तर अण्णा त्यांच्यावरच खेकसले. शहादेवनं दांडा धरून उरलेली मुरड घालायला सुरुवात केली, तोच अण्णांनी त्याचं मनगट पकडलं. "पुरे बे! मागल्या टायमाला तुज्याच जोरानं फाटलं."

मोठ्या माणसानं याचा हात धरला तर चालत होतं. शहादेवनं दांडा सोडला.

या खेपेला मंडळ स्वतः बघायला गेलं. नरकचतुर्दशीची पहाट, लोकांच्या अंगाला उटणं लागायच्या वेळेला हे तिघं घोंगड्या पांघरून बांधावर बसले. शहादेव नळी खाली धरून वाकत वाकत मक्याच्या कडेला गेला. चकती कधीच निसटली होती. छर्रे त्याच्या वाटेवर तीळ पेरावेत तसे सांडत गेले. त्यानं नेम धरला, चाप ओढला, आणि बंदुकीतून फुस्स झालं. काडतुसातलं जळकं बूच तेवढं चार पावलांवर जाऊन पडलं. कळपातल्या एका मोठ्या डुकरानं मुस्कट वर करून बांधाकडं पाहिलं आणि पुन्हा कणसाला तोंड लावलं. ते डुक्कर चेअरमनकडंच बघत होतं, असं पुढं ख्वाजाभाई सांगायचे.

तिथून मंडळी थेट शहादेवच्या घरी आली, कारण चूक कुणाची ते ठरवायचं होतं आणि फराळही तिथंच होता. आडात पाणी नाही, डब्यात तेल नाही, तरी वत्सलाबाईनं सणाला म्हणून थोड्या करंज्या केल्या होत्या. सारणाला खोबरं मिळालं नव्हतं. गुळाचा एकेक खडा घालून तिनं कड मुरडली होती. अण्णांनी एक करंजी मोडली, आत बघितलं.

"मुरड लई झकास पडली, सूनबाई. पर आत काईच न्हाई."

"आत घालायचं ते डुकरं खातेत, अण्णा," ती पदराआडून म्हणाली.

अण्णांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "शहादेव, तुज्या बापाची बंदूक म्हातारी झाली बे. तात्याबाला सांगून ठिव आपला. उगं ट्रक चुकायला नको."

आणि दुपारी तात्याबा खरंच आला. दारातूनच विचारलं, "काय रं, जागा धरू का ट्रकात तुमा दोघांची?"

"धरा," शहादेव म्हणाला.

वत्सलाबाई चुलीपुढं बसली होती. तिच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. तात्याबा जाईपर्यंत तिनं दातांखाली पदर धरला, मग तो सोडला.

"धरा म्हणला? धरा?"

"अगं, जागा धरा म्हणलो. येतो असं कुठं म्हणलो?"

"मागल्याला तरी काय म्हणला व्हता तुमी? मानच तर हलवली व्हती. त्या हलवल्या मानंपायी मी पाचटात बाळंत झाले."

 शहादेवला वाईट वाटत होतं, हे तिला दिसत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग येत होता. वाईट वाटण्यात हा माणूस कधीच कमी पडला नव्हता. नुसतं वाईट वाटून कुणाचं पोर जगत नाही. ती उठली, कोनाड्यात ठेवलेली टरफलं पाहिली. धड राहिलेली मुठीत मावतील एवढीच होती. या माणसाची वाट बघत बसलं तर तीही मानापानात जातील, हे तिला लख्ख दिसलं.

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कारभारी तिसऱ्यांदा येऊन बसले. शहादेव काडतूस यंत्रात धरणार, तेवढ्यात वत्सलाबाई डोक्यावरून पदर घेऊन ओसरीवर आली. पोट सावरत उभी राहिली.

"अण्णा, चुकतंय कुठं ते मला ठावं हाय."

"तुला?"

"आमच्या नांदूरघाटला नवं जातं आणलं की पयला वेढा रिकामा देतेत. मानकऱ्यांनी. दाणा त्याच्यानंतर घालतेत. तुमी भरल्या काडतुसावर मान घेतला, म्हून यंत्र कोपलं."

असा काही रिवाज नांदूरघाटला नाही आणि दुसरीकडंही कुठं नाही. रिकामं जातं फिरवलं तर दगडाला दगड घासतो आणि पुढं चार दिवस भाकरीत कच लागते, हे कुठल्याही बाईला ठाऊक असतं. पण तिथं बाई ती एकटीच होती. अण्णा विचारात पडले. बायकांच्या रिवाजात पुरुषानं बोलू नये, एवढी अक्कल त्यांना होती. त्यांनी उत्तरेश्वरकडं पाहिलं, उत्तरेश्वरनं ख्वाजाभाईंकडं पाहिलं. ख्वाजाभाईंनी वत्सलाबाईकडं पाहिलं आणि त्यांची मिशी जराशी हलली.

"बराबर हाय," ते लगेच म्हणाले. "आमच्यातबी तसंच हाय."

मग काय विचारता. रिकाम्या यंत्राला पुन्हा हळदकुंकू, पुन्हा नारळ. अण्णांनी भरपूर वेढे दिले, उत्तरेश्वरनं दिले, ख्वाजाभाईंनी दांड्याला तेलाचं बोट लावून आपलेही दिले. भीती नव्हती, त्यामुळं सगळ्यांनी मान अगदी मनसोक्त घेतला. मग आपापल्या घरच्या पूजेसाठी तिघंही निघून गेले.

ओसरी रिकामी झाल्यावर शहादेवनं काडतूस धरलं आणि दांडा हळू फिरवला.

"बग गं, बराबर हाय का?"

"मला काय इचारता? त्यानं न्हाई म्हणलं का?"

"म्हणलं."

"मंग थांबा की!"

असं एकेक करत त्यानं सगळी काडतुसं पुरी केली. तिनं एक उचलून कानाशी हलवून पाहिलं. आत काही खुळखुळलं नाही. तोंड गोल, पोट सपाट. आपल्या नवऱ्याला एक गोष्ट नीट करता येते, हे बघून तिला बरं वाटलं, आणि ती करू द्यायला एवढा खटाटोप लागावा याचा संतापही आला.

पाडव्याच्या पहाटे ती उंबऱ्यावर बसून होती. नदीकडून आवाज आला, फुस्स नव्हे, खणखणीत बार. गावातली कुत्री एकदम भुंकायला लागली. थोड्या वेळानं आणखी एक बार झाला. दिवस वर आला तेव्हा मक्याच्या कडेला एक दांडगं डुक्कर आडवं पडलं होतं आणि बाकीचा कळप नदीपार पळाला होता. भाऊबीजेच्या सकाळी लोक बघून आले. एकाही डुकराचा ताजा माग नव्हता. कडवळ सरळ उभं होतं.

त्याच सकाळी पारावर सभा भरली आणि पाराजवळच तात्याबाचा ट्रक उभा राहिला. माणसं, बोचकी, कोंबड्या चढत होत्या. वत्सलाबाईनं बोचकं बांधून आणलं होतं, कारण शहादेवच्या 'धरा'वर तिचा भरवसा अजून होता. ती पाराच्या खाली उभी राहिली आणि उत्तरेश्वर वाचू लागला.

डुकरांचा बंदोबस्त झाल्याबद्दल सोसायटीनं स्वतःचं अभिनंदन केलं. मग राखणदारीचा विषय निघाला. आता डुकरं नाहीत म्हटल्यावर राखणदारी म्हणजे बाभळीच्या सावलीला बसून कोठीतलं धान्य खायचं काम, हे साऱ्या गावाच्या ध्यानात आलं होतं. सभासदांची कुरबूर नको म्हणून मंडळानं तोड काढली: राखण पाळीनं. दर सभासदाला एक आठवडा. सगळ्यांना समान मान. शहादेवची पाळी चैत्रात येत होती.

वत्सलाबाईला क्षणभर खरंच वाटेना. पुन्हा तेच. एकाच्या हाताचं काम, आणि दांड्याला हात सगळ्यांचे.

"अण्णा, तुमी हंगामभर म्हणला व्हता," ती खालून म्हणाली.

पंडितअण्णांनी समजुतीचा सूर लावला. "म्हणलो व्हतो. पर सूनबाई, गावाचं बगावं लागतं. मनाला जरा मुरड घालावी माणसानं."

तो शब्द साऱ्या पाराला ऐकू गेला. वत्सलाबाईनं बोचकं खाली ठेवलं. डोक्यावरचा पदर ढळला होता, तो सावरायचं तिच्या ध्यानात राहिलं नाही.

"मुरड? अण्णा, माझ्याच पाटावर बसून तुमी दावलं की मला. लई मुरड घातली की तोंड फाटतं. मी घातली. दरसाल घातली. लेक बांधाला पुरली अन् सकाळच्याला कोयता धरला, तवाबी घातली. आता फाटलंय माझं तोंड, ऐका. आमी या ट्रकात चढलो की बंदूक ठाण्यात जमा हुती. परवाना काय पाळीनं फिरत न्हाई. मंग डुकरं आली का त्यांना ठराव वाचून दावा."

ट्रकमधल्या बायका कठड्याला येऊन उभ्या राहिल्या. उत्तरेश्वरनं कागद चाळायला घेतले. अण्णांचा चेहरा लाल झाला, पण ते जुने चेअरमन होते. ते तिच्याकडं बघेचनात. त्यांना सोपी वाट ठाऊक होती.

"बायामाणसांशी मी काय बोलू? शहादेव, तू सांग. पाळी मान्य हाय ना तुला?"

साऱ्या गावाला उत्तर माहीत होतं. उत्तरेश्वरनं 'मान्य' लिहायला पेनाचं टोपणही काढलं. तात्याबानं ट्रकचा भोंगा वाजवला. वत्सलाबाई नवऱ्याकडं बघत नव्हती. बघून काय करायचं? ती वाकून बोचक्याची गाठ घट्ट करू लागली, कारण आता चढायचंच होतं.

"न्हाई," शहादेव म्हणाला.

आवाज एवढा हलका होता की अण्णांना वाटलं दुसरंच कुणी बोललं. "काय?"

"न्हाई म्हणलो, अण्णा."

 त्यानं हात पाठीमागं घेतले. अण्णांनी डोळे मोठे करून पाहिलं, गोड हसून पाहिलं, खांद्यावर हात ठेवून पाहिला. शहादेव तसाच उभा. शेवटी ख्वाजाभाई पारावरून उठले.

"अण्णा, यंत्र न्हाई म्हणलं," ते म्हणाले. "आता फिरवू नका."

 अण्णांनी घसा खाकरला आणि हंगामभर राखणीचा जुनाच ठराव कायम करा म्हणून उत्तरेश्वरला सांगितलं, जणू ते आधीपासून त्यांच्याच मनात होतं. ट्रक सुटला. बायकांनी हात केले, वत्सलाबाईनंही केला. त्यांतली एक अवघडलेली होती. तिच्याकडं मात्र वत्सलाबाईला बघवलं नाही.

घरी आल्यावर तिनं कोयते आढ्याला खोचले आणि बोचकं सोडायला बसली. आपण जिंकलो, घरी राहिलो, आता हसू यायला हवं, असं तिला वाटत होतं. पण गाठ सुटता सुटेना आणि तिला रडू फुटलं. शहादेव घाबरून जवळ आला.

"अगं, आता का? झालं की तुज्या मनासारखं."

"एवढुसा शब्द," ती म्हणाली. "एवढुसा. इतकी वर्षं कुठं ठिवला व्हता वो? दोन सालामागं एकदा काढला असता, तर..."

   शहादेव ओसरीवर गेला, पाटापुढं बसला आणि काहीतरी करावं म्हणून यंत्राचे स्क्रू सोडवायला लागला.

"ऱ्हाऊ द्या ते," आतून ती म्हणाली. "भोकं पडायची ती पडली."